रद्दी आणि सिमेंटच्या कुंड्या: नागपूरच्या उन्हात टिकतील अशा

रद्दीचा लगदा, सिमेंट आणि थोडी वाळू यांतून घरच्या घरी कुंडी तयार करण्यासाठी गवंड्याचे कसब लागत नाही; लागतो तो वेळ, आणि नागपुरात तर तो इतर ठिकाणांपेक्षा थोडा अधिकच लागतो. याचे कारण सिमेंटच्या स्वभावात आहे. सिमेंट वाळून घट्ट होते असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि हा संयोग पुरता होण्याआधीच पाणी उडून गेले तर मागे उरते ती केवळ आकार धरलेली भुकटी. मी पहिली कुंडी ऐन मे महिन्यात केली, साच्यातून काढली आणि चांगली कडक वाळावी म्हणून गच्चीवर भर उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी उचलायला गेलो तेव्हा काठ हातात आला आणि बाकीची कुंडी जागेवरच राहिली. मिश्रण कमी पडले असावे असे वाटून पुढच्या खेपेस सिमेंट वाढवले, तर तीही तशीच गेली. दोष मिश्रणाचा नव्हता, उन्हाचा होता. त्यामुळे पुढे प्रमाणांपेक्षा पाणी आणि सावली यांचा उल्लेख अधिक वेळा आला तर ते ओघानेच आहे.

या कामासाठी सर्वांत सोयीचा काळ म्हणजे दिवाळी आटोपल्यापासून होळीपर्यंतचा. डिसेंबर-जानेवारीतील थंडीत सिमेंट सावकाश धरते, परंतु त्याने नुकसान काहीच होत नाही. फेब्रुवारीत केलेली कुंडी पावसाळ्याच्या तोंडाशी रोप लावण्यास सर्व बाजूंनी तयार असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि हवेत ओलावा नावालाही नसताना हे काम हाती घेऊ नये; घ्यायचेच झाले तर ते सूर्यास्तानंतर आणि घराच्या आत करावे.

कागद कशासाठी

मातीच्या भिंतीत कुटार का घालतात हे विदर्भातील खेड्यांत वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सुकताना माती आकसते, तडकू पाहते, आणि कुटाराच्या काड्या तिला धरून ठेवतात. कागदातील तंतू सिमेंटच्या बाबतीत तेच काम अधिक बारकाईने करतात. शिवाय लगद्यामुळे कुंडीच्या अंगात असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यामुळे ती त्याच मापाच्या काँक्रीटच्या कुंडीच्या साधारण निम्म्या वजनाची होते आणि मातीच्या कुंडीसारखी थोडी पाझरते. हे पाझरणे आपल्याकडे दुधारी आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आपल्या आज्या रद्दी भिजवून, त्यात मेथीचे पीठ कालवून त्या लगद्याने सुपे आणि टोपल्या लिंपत असत. मेथीने लगद्याला चिकटपणा येई आणि कीडही दूर राही. ही आठवण असलेले लोक सिमेंटच्या लगद्यातही मेथी किंवा खळ घालण्याचा मोह आवरू शकत नाहीत. परंतु तो आवरावा. खळ, पीठ आणि विशेषतः साखर यांमुळे सिमेंट धरण्याची क्रिया मंदावते, आणि साखर थोडी जरी अधिक झाली तर ती जवळजवळ थांबते. गुळाची किंवा सरबताची बादली न धुता या कामाला वापरली तर दोन दिवसांनीही मिश्रण ओलेच का, असा प्रश्न पडतो.

साहित्य

सुमारे १२ इंच तोंडाच्या बादलीइतकी एक कुंडी डोळ्यांसमोर ठेवली तर दीड किलो रद्दी, सहा किलोच्या आत सिमेंट आणि दोन लिटर वाळू पुरते. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, त्यामुळे एका गोणीत अशा आठ कुंड्या होतात. एकट्याने गोणी आणण्यापेक्षा शेजारच्या दोन घरांनी मिळून आणावी, कारण उघडी गोणी पावसाळ्यात हवेतील ओलाव्यानेच निकामी होते. आणताना गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहावे. तीन महिन्यांपेक्षा जुने किंवा बोटांनी न फुटणाऱ्या गाठी झालेले सिमेंट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुकानात प्रामुख्याने दोन प्रकारचे सिमेंट मिळते. साधे पोर्टलँड सिमेंट, म्हणजे ओपीसी, लवकर धरते. पीपीसीमध्ये औष्णिक वीज केंद्रांची राख मिसळलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे हे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. ज्या शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची धुरांडी दिसतात, तेथे ही राख काय असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कुंडीसाठी मी पीपीसीच पसंत करतो. ते सावकाश धरते आणि अधिक दिवस ओले ठेवावे लागते हे खरे, पण त्यातील राख सिमेंटमधून सुटणारा चुना काही अंशी स्वतःच संपवते आणि झाडाच्या मुळांना चुन्याचा त्रास तेवढा कमी होतो.

वाळू कन्हानची मिळाली तर उत्तम, नाहीतर दगड दळून केलेली वाळूही चालते. दोन्ही बारीक चाळणीने चाळून घ्याव्यात, कारण पातळ भिंतीत एखादा खडाही तडा जाण्यास पुरेसा होतो. रद्दीमध्ये वर्तमानपत्रे सर्वांत चांगली. वह्यांचा कागद अधिक चिवट असतो, त्याला भिजायला एक रात्र जास्त द्यावी. पुरवण्यांचा गुळगुळीत, चकाकणारा कागद मात्र बाजूला काढावा. त्याला खडूसारख्या पदार्थाचा लेप असतो, त्यात तंतू कमी भरतात आणि तो नीट भिजतही नाही. जाता जाता एक गंमत लक्षात येते, की कागदाची बल्लारपूरची गिरणी आणि चुनखडीवर चालणारे सिमेंटचे कारखाने दोन्ही एकाच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. आपण घरी करतो ते त्या दोघांना एका घमेल्यात आणण्याचे काम.

याखेरीज एकात एक बसतील अशा दोन बादल्या किंवा टब, घमेले, थापी, कोंबडीच्या खुराड्याला लावतात तशी बारीक जाळी, पीव्हीसी नळीचे दीड इंच लांबीचे तीन तुकडे, वापरून झालेले तेल, आणि रबरी हातमोजे. हातमोजे ऐच्छिक समजू नयेत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. तासभर हात त्यात राहिले तर त्या वेळी काही जाणवत नाही, पण रात्री बोटांची त्वचा सोलवटून निघते. कोरडे सिमेंट ओतताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि डोळ्यांत कण गेल्यास चोळण्याऐवजी भरपूर पाण्याने डोळे धुवून डॉक्टरांकडे जावे.

लगदा

कागद लांबट पट्ट्यांत फाडून, पिना काढून, दोन रात्री पाण्यात बुडवून ठेवावा; पहिले पाणी गरम असेल तर काम लवकर होते. तीन-चार दिवसांहून अधिक ठेवल्यास उष्ण दिवसांत त्याला घाण वास सुटतो. भिजलेला कागद जुन्या मिक्सरमध्ये, भरपूर पाणी घालून, थोडा थोडा फिरवावा. स्वयंपाकाचा मिक्सर यासाठी वापरू नये, घरातील शांततेच्या दृष्टीनेही. मिक्सर नसेल तर बादलीत कपडे धुण्याच्या धोपटण्याने कुटले तरी चालते. अक्षरे दिसेनाशी झाली आणि लगदा शिजलेल्या दलियासारखा दिसू लागला की पुरे. त्याहून बारीक केल्यास तंतूच तुटतात आणि ज्यासाठी कागद घातला तो हेतू उरत नाही.

आता हा लगदा जुन्या पंचात घालून पिळायचा आहे. येथे घाई केली तर सगळी प्रमाणे बिघडतात, कारण लगद्यात उरलेले पाणी हेच पुढे सिमेंटला मिळणारे मुख्य पाणी असते. पिळल्यावर गोळा हातात धरून दाबावा. दोन-चार थेंब निथळले तर योग्य, धार लागली तर पुन्हा पिळावा.

मिश्रण आणि साचा

मापाने तीन भाग पिळलेला लगदा, दोन भाग सिमेंट आणि एक भाग चाळलेली वाळू, हे प्रमाण अनेक फेरफार करून मी कायम केले आहे. लगदा वाढवला की कुंडी हलकी पण मऊ होते, आणि मऊ कुंडीचा काठ दर वेळी सरकवताना झिजतो. सिमेंट वाढवले तर वजन वाढते आणि आपल्या उन्हात बारीक तडे अधिक पडतात.

आधी सिमेंट आणि वाळू कोरडीच सारखी करून घ्यावी, मग लगदा कुस्करून त्यात मिसळावा आणि भाकरीचे पीठ मळावे तसे तळव्याने रगडून मळावे. वरून पाणी घालण्याआधी पाच मिनिटे थांबावे. पुष्कळदा लगद्यातीलच पाणी पुरते. नाहीच पुरले तर पेल्याने नव्हे, ओंजळीने शिंपडावे. मुठीत दाबलेला गोळा मूठ उघडल्यावर तसाच राहिला पाहिजे, ढासळला किंवा पसरला तर नाही. मळलेले मिश्रण तासाभराच्या आत साच्यात जावे. उशीर झाल्याने घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते पुन्हा मऊ करता येते, पण ती कुंडी पुढे टिकत नाही. म्हणून एका वेळी एकाच कुंडीपुरते मिश्रण करावे.

बाहेरच्या बादलीला आतून आणि आतल्या बादलीला बाहेरून तेलाचा हात फिरवावा. बादली तोंडाकडे रुंद होत गेलेली असावी, सरळ भिंतीच्या डब्यातून कुंडी निघत नाही. तळाशी दीड इंच जाडीचा थर देऊन तेलाचा हात लावलेले नळीचे तीन तुकडे त्यात उभे रोवावेत. पाणी निघून जाण्याची भोके हीच, आणि ती नंतर कोरून काढण्यात कुंडी फुटण्याची शक्यता असते. मग आतली बादली वाळू किंवा विटा भरून मध्यभागी ठेवावी, म्हणजे ती वर उचलली जात नाही. दोन्ही बादल्यांमधील फट सर्व बाजूंनी दीड इंच राहील हे पाहून त्यात मिश्रण थोडे थोडे घालत काठीने ठोसावे. कुंडी १५ इंचांहून मोठी करायची असेल तर जाळीचा वळसा भिंतीच्या मधोमध बसवावा. लहान कुंडीला त्याची गरज नाही, आणि बाहेर डोकावणारी तार पुढे गंजून भिंत फोडते. शेवटी बाहेरच्या बादलीच्या अंगावर हाताने थापट्या माराव्यात, म्हणजे आत अडकलेली हवा निघते.

काम संपल्यावर घमेले आणि थापी धुतलेले पाणी मोरीत ओतू नये. ते जुन्या डब्यात ओतून ठेवावे. गाळ रात्रभरात खाली बसून घट्ट होतो आणि तो फेकून देता येतो. मोरीत गेला तर तो तेथेच घट्ट होतो.

तराई

भरलेला साचा प्लास्टिकने झाकून सावलीत ठेवावा. फेब्रुवारीत साधारण ३६ तासांनी, कडक थंडीत दोन दिवसांनी आतली बादली अलगद फिरवून काढावी आणि नख रोवून पाहावे. नखाचा ओरखडा उमटतो पण नख आत जात नाही, अशी अवस्था आली की बाहेरची बादली पालथी करून कुंडी काढावी. याच वेळी ती सर्वांत आज्ञाधारक असते: काठ जुन्या चाकूने गोल करावा, तारेच्या ब्रशने अंग खरवडून दगडासारखे करावे, हवी तर रेघोट्यांची नक्षी काढावी. दुसऱ्या दिवशी हे जमणार नाही.

यानंतरच्या दोन आठवड्यांवर कुंडीचे सर्व आयुष्य अवलंबून आहे. काँक्रीटच्या कामासाठी असलेल्या भारतीय मानकात ओपीसी किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंट किमान १० दिवस ओले ठेवावे असे सांगितले आहे, आणि कोरड्या उष्ण हवेत ओपीसीलाही १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. कुंडीची भिंत पातळ असल्याने मी सरसकट १४ दिवस धरतो. गवंडी घराच्या स्लॅबवर पाण्याचे आळे करून तराई करतात. कुंडीला ते शक्य नाही, म्हणून तिला ओल्या बारदानात गुंडाळून वर प्लास्टिक घालावे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. बारदानापेक्षाही चांगली वस्तू नागपूरच्या प्रत्येक घराच्या माळ्यावर पडलेली असते, ती म्हणजे कुलरच्या मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या. होळीच्या सुमारास त्या बदलल्या जातात आणि फेकल्या जातात. त्यांत कुंडी झाकली तर एकदा भिजवलेली ताटी अर्धा दिवस ओल धरते, आणि काम चालू असताना अंगणाला वास येतो तो वेगळाच. चौदा दिवसांत एकदाही कुंडीचा रंग पांढुरका पडता कामा नये. पडला, तर त्या ठिकाणी सिमेंटची क्रिया थांबली असे समजावे.

तराई झाल्यावर आठवडाभर सावलीतच, वारा लागेल अशा जागी, सावकाश सुकू द्यावी.

चुना काढणे

तयार दिसणाऱ्या कुंडीत लगेच रोप लावण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि महिन्याभरात पाने पिवळी पडली की खताला दोष देतात. सिमेंट घट्ट होताना मोकळा चुना तयार होतो आणि तो पाण्यासोबत मातीत उतरत राहतो. चुनखडीच्या जमिनीतील संत्र्याची झाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. कुंडीतही नेमके तेच घडते.

उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. भोकांना बुचे मारून कुंडी काठोकाठ पाण्याने भरावी आणि तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलावे. तिसऱ्याच दिवशी बदलण्यामागे डासांचेही कारण आहे. आठवडाभर साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. हे काढलेले पाणी झाडांना घालू नये. अखेरच्या आठवड्यात पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घातले तर उरलेला चुना लवकर मरतो, मात्र आम्लाचा अतिरेक सिमेंटही खातो, म्हणून बादलीभर पाण्याला दोन चमचे याहून जास्त नको.

चुना निघाला की नाही हे हळदीने कळते. कुंडीत दोन दिवस मुरलेले थोडे पाणी वाटीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकावी, आणि शेजारी साध्या नळाच्या पाण्याची तशीच वाटी ठेवावी. कुंडीची वाटी लालसर झाली तर अजून थांबायचे. दोन्ही वाट्या सारख्याच पिवळ्या दिसल्या तर कुंडी तयार. देवघरातील हळद आणि चुना मिळून कुंकवासारखा रंग येतो तो याच गुणामुळे.

माती आणि झाडे

नागपूरकडची काळी कसदार माती शेतात सोने आहे, पण कुंडीत ती एकटी भरू नये. पाणी मिळाले की ती फुगते आणि भिंतींवर आतून दाब देते. सुकली की आकसून भिंतीपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकाने निघून जाते. गाळाची किंवा मुरमाड लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे. काळी माती घालायची हौस असेल तर मूठभर. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत.

अडेनियम, कोरफड, निवडुंग, बोगनवेल, सदाफुली यांना ही कुंडी मनापासून मानवते, कारण यांची मुळे कोरडी राहिली तरी तक्रार करत नाहीत. तुळसही चांगली येते. अनंत आणि नेचे यांना आम्लधर्मी माती लागते, त्यांना मी या कुंडीत लावत नाही. मोगरा लावतो, पण त्याची पाने फिकी पडू लागली तर लोहाचे खत द्यावे लागते.

पाझरण्याबद्दल वर लिहिले होते. भिंतीतून झिरपणारे पाणी उडताना मुळांभोवतीची माती गार राहते, माठातील पाण्यासारखी, आणि हा मोठाच फायदा आहे. परंतु त्याच वेगाने माती सुकते, आणि मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालूनही पुरत नाही. म्हणून कुंडीला आतून सिमेंटच्या पातळ पाण्याचा एक हात द्यावा, तोही चुना काढण्याच्या आधी, आणि बाहेरून पांढऱ्या चुन्याचा. आतील हाताने पाझर निम्म्यावर येतो, आणि बाहेरचा पांढरा रंग ऊन परतवतो. गच्चीला उन्हाळ्यात चुना मारतात त्याच विचाराने. बाहेरचा चुना भिंतीवरच राहतो आणि काठाच्या आत लावला नाही तर मातीला त्याचा उपद्रव होत नाही.

गच्चीवर कुंड्या मांडताना त्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा कठड्यालगत भिंतीच्या रेषेत ठेवाव्यात, कारण ओल्या मातीसह अशी एक कुंडी २० किलोंच्या पुढे जाते. खाली दोन विटा द्याव्यात; त्यामुळे भोके मोकळी राहतात आणि अंगणातील कुंडीला वाळवीचा संसर्ग होण्याचे टळते. पूर्ण सिमेंटात गुरफटलेला कागद वाळवी सहसा खात नाही, पण जेथे लगदा नीट मिसळला गेला नाही असा एखादा गोळा उघडा पडला, तर तिला तेवढे दार पुरते. असा गोळा दिसला तर तो कोरून काढून ती जागा ओली करावी, आणि त्याच प्रमाणाचे मूठभर ताजे मिश्रण भरून पुन्हा आठवडाभर ओल्या फडक्याखाली ठेवावे. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत सगळ्या कुंड्या हिरव्या जाळीखाली, पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीशी सरकवाव्यात. दुपारनंतरचे ऊन तेथे पोहोचत नाही.